वीस मिनिटांनी बंद पडणारी एमजीबी: दोष उष्णतेचा, पेट्रोलचा की करंटचा?

आधी लक्षण सांगतो, कारण ते ओळखीचं वाटणारे बरेच जण असतील. थंड गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. चोक हळूहळू आत ढकलला की आयडल छान बसतं. रहदारीतून पंधरा-वीस मिनिटं चालवा, कसलीही तक्रार नाही. मग मोकळा रस्ता लागतो, गाडी चौथ्या गिअरमध्ये एका वेगाला स्थिरावते आणि एक झटका, दुसरा झटका, इंजिन बंद. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग सेल्फ मारला की लगेच सुरू. घरी पोचेपर्यंत आणखी दोनदा हाच प्रकार.

माझी गाडी १९६९ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कंपनीचे एचएस४ कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), २५डी४ डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्लगांना वाटणारा), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला). पत्राकाम, रंग, वायरिंग, इंजिन, सगळं घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने केलेलं. थोडे बदलही केलेत: पाइपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन. एवढी वर्षं जिच्यावर घालवली ती गाडी घरापासून लांब न्यायची धास्ती वाटावी, हे मनाला फार लागत होतं.

‘गरम झाली की बंद पडते’ असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं आणि तिथेच चुकलो. गरम झाल्यावर दगा देणारी वस्तू म्हटलं की कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीएवढा वाढवणारी) आणि कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा) आठवतात, म्हणून ते बदलले. फरक पडला नाही, म्हणून पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), रोटर आणि कॅप (ठिणगी एकेका प्लगकडे वळवणारे). मग पेट्रोल उकळत असेल म्हणून कार्ब्युरेटरचे किट टाकले, शेवटी फ्युएल पंप बदलला. दर वेळी नवा भाग बसवून गॅरेजमध्ये थंड गाडी सुरू करायची, अर्धा तास जागेवर चालू ठेवायची, ती अजिबात बंद पडायची नाही. मग रस्त्यावर नेली की पुन्हा तेच.

आमच्या ओळखीत एक निवृत्त मिस्त्री आहेत. आयुष्यभर पॉइंटवाल्या गाड्यांवर काम केलेला माणूस. त्यांना सगळी यादी ऐकवली. त्यांनी एकच विचारलं, “बंद पडते तेव्हा आरपीएमची सुई कुठे असते?”

“बघितलं नाही काका.”

“मग आधी ते बघून ये. तोवर नवीन काही घेऊ नकोस.”

माझी चूक त्या एका प्रश्नात पुरी आली होती. मी सात भाग बदलले, ते सगळे गाडी ठणठणीत असताना. ती बंद पडलेली असताना मात्र मी एकदाही काही बघितलं नव्हतं, मोजलं नव्हतं. असा अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये दिसत नाही. तो दिसतो इंजिन मरतानाच्या दोन सेकंदांत आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांत. तेवढ्या वेळात काय बघायचं ते ठरवून निघालात, तर निम्मं काम रस्त्याच्या कडेलाच होतं.

इंजिन मरतं तेव्हा

मागे-पुढे रस्ता मोकळा असेल तरच हे करा. इंजिन बंद पडलं की लगेच क्लच दाबू नका. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनला फिरवत राहतात. त्या दोन सेकंदांत टॅकोमीटरकडे, म्हणजे आरपीएमच्या मीटरकडे बघा. माझ्या गाडीचा टॅकोमीटर इलेक्ट्रिक आहे, कॉइलच्या प्राथमिक सर्किटमधला (इग्निशन स्विचकडून कॉइलमार्गे पॉइंटपर्यंतचा) करंट जितक्या वेळा तुटतो त्यावर तो चालतो. इंजिन फिरतंय आणि तरीही सुई धाडकन शून्यावर आली, याचा अर्थ प्राथमिक सर्किटच तुटलंय: इग्निशन स्विच, पांढरी वायर, कॉइलचं प्राथमिक वेटोळं, पॉइंट किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतलं अर्थिंग यांपैकी कुठेतरी. सुई वेगाबरोबर सावकाश खाली येत असेल तर प्राथमिक बाजू ठीक आहे. मग एकतर ठिणगी कॅप-रोटरमधून पळते आहे किंवा पेट्रोल पोचत नाही.

मरण्याची पद्धतही लक्षात ठेवा. करंट गेला तर इंजिन चावी फिरवल्यासारखं क्षणात जातं. पेट्रोल संपत आलं तर आधी ओढ कमी होते, ऍक्सिलरेटर दाबला तरी गाडी मागे पडते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो आणि मग कुठे ती थांबते.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या वेळी तुमचा पाय कुठे होता. चढावर, पूर्ण ऍक्सिलरेटर दाबलेला असताना बंद पडली तर पेट्रोलवर संशय घ्या, कारण जास्तीत जास्त पेट्रोल तेव्हाच लागतं. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, एकाच वेगात चालताना बंद पडत असेल आणि चढावर मात्र कधीच नसेल, तर मामला निराळा आहे. माझा तसाच होता आणि तीन महिने मला ते जाणवलं नव्हतं.

थांबल्यावर पहिली दोन मिनिटं

बॉनेट उघडायच्या आधी चावी इग्निशनवर आणा, सेल्फ मारू नका आणि कान द्या. एमजीबीचा मूळचा एसयू पंप मागच्या उजव्या चाकाच्या पुढच्या बाजूला असतो आणि टकटक करतो. इंजिन पेट्रोलवाचून मेलं असेल तर कार्ब्युरेटरच्या वाट्या (पेट्रोल साठवणारे छोटे कप्पे) रिकाम्या असतात. मग पंप चांगला असेल तर भराभर टकटक करत त्या भरतो आणि हळूहळू शांत होतो. वाट्या भरलेल्या असतील तर एक-दोन टक ऐकू येतात आणि पंप थांबतो. दुसऱ्या प्रकारात पेट्रोलचा दोष बहुतेक नाहीच. कोणतीही नळी न काढता, एक थेंब न सांडता एवढं कळतं, म्हणून ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते.

पंप अजिबात बोलला नाही तर दोन शक्यता: वाट्या भरलेल्या आहेत किंवा पंप मेला आहे. पंपाला आणि कॉइलला वीज इग्निशन स्विचकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीवरूनच मिळते. त्यामुळे पंप गप्प, कॉइलवरही व्होल्टेज नाही आणि डॅशबोर्डवरचा इग्निशनचा दिवाही लागत नाही, असं असेल तर सरळ स्विचकडे आणि त्याला येणाऱ्या तपकिरी वायरीकडे वळा. कॉइलवर वीज आहे आणि फक्त पंप गप्प आहे, तर पंपाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. टकटक सुरू झाली तर त्याचे आतले पॉइंट जळालेत. पंपाचं अर्थिंगही तपासा. तो रबरात बसवलेला असतो, म्हणून त्याला अर्थची स्वतंत्र काळी वायर लागते आणि नवा रंग दिलेल्या गाडीत तिचा स्क्रू हमखास रंगावर बसवलेला सापडतो.

मग टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा सूं आवाज आला आणि पंप लगेच धावू लागला, तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही.

आता बॉनेट. टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, म्हणजे जिथे काळी रेघ असलेली पांढरी वायर आहे तिथे. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. नुसताच पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांना अर्थ मिळत नाही. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत वीज नाही, कॉइलचं प्राथमिक वेटोळं तुटलं आहे किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये वायर बॉडीला टेकून कायमचा अर्थ झाला आहे.

शेवटचं आणि मी कधीच न केलेलं: थांबू नका. लगेच सेल्फ मारून बघा. मी दर वेळी दहा मिनिटं थांबायचो आणि ‘गार झाली, म्हणून सुरू झाली’ असं धरून चालायचो. काकांचं ऐकून गेलो त्या दिवशी सुई शून्यावर पडताना पाहिली, पंपाचे दोन टक ऐकले आणि लगेच सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. गार व्हायला वेळच मिळाला नव्हता, तरी सुरू झाली. उष्णतेचा सगळा सिद्धांत तिथेच संपला.

मग वीस मिनिटंच का?

मी गॅरेजमध्ये बसून याचाच विचार केला. प्राथमिक सर्किट तुटतं, पण गाडी थांबली की जुळतं. चालताना असतं आणि थांबल्यावर नसतं असं काय? धक्के तर रहदारीतही बसतात. शेवटी उत्तर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या गोल डबीत मिळालं, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ अलीकडे आणणाऱ्या व्हॅक्यूम ऍडव्हान्समध्ये.

माझ्या मॉडेलमध्ये व्हॅक्यूमची बारीक नळी कार्ब्युरेटरवरून येते. आयडलला तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतो. पूर्ण ऍक्सिलरेटर दाबला तरी नसतो. तो भरपूर मिळतो हलक्या पायाने स्थिर वेगात चालताना. तेव्हा डबीतला पडदा ओढला जातो आणि पॉइंटची प्लेट काही अंश फिरते. रहदारीत ही प्लेट फारशी हलतच नाही. घरापासून मोकळ्या रस्त्यापर्यंत पोचायला मला वीस मिनिटं लागतात, बाकी त्या वीस मिनिटांचा दुसरा काही अर्थ नव्हता. आणि गॅरेजमध्ये अर्धा तास आयडलला चालवून मी नेमकी तीच स्थिती टाळत होतो.

तपासणं सोपं होतं. नळी कार्ब्युरेटरच्या टोकाकडून काढली, कार्ब्युरेटरवरचं भोक बंद केलं, नळीला मोठी सिरिंज जोडली (तोंडाने ओढू नका, नळीत पेट्रोलची वाफ असते). इंजिन आयडलला ठेवून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला. निरोगी गाडीत आरपीएम थोडा वाढायला हवा. माझं इंजिन खट्कन बंद झालं. दट्ट्या सोडला, सेल्फ मारला, सुरू. पुन्हा ओढला, बंद. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोष माझ्या मुठीत होता, हवा तेव्हा आणता येत होता.

पुढचं मीटरने केलं. इग्निशन ऑन, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन इतकं फिरवलं की पॉइंट मिटलेले राहतील. मीटरची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी ब्लॉकला. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळपास शून्य यायला हवं. आलं, ०.१ व्होल्ट. सिरिंज ओढली, १२.३. सोडली, ०.१. (इग्निशन ऑन ठेवून पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते, म्हणून हे एखाद-दोन मिनिटांत उरका.)

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन बारीक लवचिक वायरी असतात. एक बाहेरच्या टर्मिनलकडून पॉइंटकडे येते. दुसरी, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी, हलणाऱ्या प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडते. हीच अर्थची वायर. प्लेट आपल्या जागी फिरत असल्यामुळे तिच्या टेकण्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ही वायर दिलेली असते. माझ्या वायरीवरचं कापडी आवरण पूर्ण शाबूत होतं. रिस्टोरेशनच्या वेळी मी ती पेट्रोलने धुऊन, दिसायला चांगली आहे म्हणून, तीच परत लावली होती. आता चिमट्याने दोन्ही टोकांना धरून हलकंच ओढलं, तर ती इलॅस्टिकसारखी लांबली. तांब्याची वायर लांबत नसते. कापड ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या तारा मधोमध तुटलेल्या, टोकं काळी पडलेली. प्लेट मूळ जागी असताना ती टोकं एकमेकांना टेकत होती. प्लेट फिरली की सुटत होती. मधल्या टप्प्यावर टेकत-सुटत होती आणि ते मरण्याआधीचे दोन झटके तिथूनच यायचे.

ती वायर बनवताना

घरात पडलेल्या साध्या प्लास्टिक आवरणाच्या वायरीचा तुकडा इथे लावू नका. ती ताठ असते, प्लेट हलताना दर वेळी एकाच जागी मुडपते आणि काही आठवड्यांत तुटते. खूप बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घ्या, मल्टिमीटरच्या चांगल्या प्रोबला असते तशी. टोकाला गोल लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा. सोल्डर करायचंच असेल तर अगदी थोडं, कारण सोल्डर तारांतून वर चढलं की तिथवर वायर ताठ होते आणि त्या टोकाशीच तुटते.

लांबी ठरवताना सिरिंजने प्लेट पूर्ण फिरवून बघा. दोन्ही टोकांना वायर ढिली राहिली पाहिजे, पण एवढीही नाही की कॅममध्ये किंवा रोटरखाली अडकेल. स्क्रूखालची जागा घासून चकचकीत करा. दुसरी वायरही त्याच वेळी बदला, तिचं वय तेच आहे.

पॉइंट परत बसवताना २५डी४ मध्ये एक चूक फार होते. पॉइंटची पट्टी, कंडेन्सरचा लग आणि आतल्या वायरीचा लग हे तिन्ही एकमेकांना टेकले पाहिजेत, पण ज्या खांबावर ते बसतात त्याला नाही. मधली प्लास्टिकची टोपी त्यासाठीच असते. लग टोपीच्या चुकीच्या बाजूला गेला की सर्किट कायम अर्थ होतं आणि गाडी अजिबात सुरू होत नाही. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर ६० अंशांच्या आसपास. पॉइंटची टाच जिथे कॅमवर घासते तिथे ग्रीसचा बारीक ठिपका द्या, नाहीतर टाच झिजून फट कमी होत जाते. ठिणगीचं टायमिंग स्ट्रोब दिव्याने बघताना व्हॅक्यूमची नळी काढून ठेवा. आकडा तुमच्या इंजिन नंबरप्रमाणे घ्या, कारण ही गाडी १९६२ ते १९८० एवढ्या काळात बनली आणि सगळ्यांना एक आकडा चालत नाही.

खरोखर गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर

तसंही होतं. सुई शून्यावर पडते, लगेच सेल्फ मारून सुरू होत नाही, पंधरा मिनिटांनी होते, आणि सिरिंजच्या चाचणीत काहीच निघत नाही. अशा वेळी कॉइलला हात लावून बघा. गरम असणं साहजिक आहे, पण हात ठेववतच नसेल तर तिचा रोध मोजा. बॅलस्ट (कॉइलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रोध) नसलेल्या गाडीची कॉइल प्राथमिक बाजूला साधारण ३ ओहम दाखवते. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या रबर बंपरवाल्या एमजीबीत वायरिंगमध्येच बॅलस्ट रोध आहे आणि तिची कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. ती जुन्या गाडीला लावली तर जवळजवळ दुप्पट करंट वाहतो, कॉइल भाजून निघते आणि पॉइंटही जळतात. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे मोजाच.

कंडेन्सर बिघडत असेल तर मिटता-उघडताना पॉइंटमध्ये मोठी निळसर-पिवळी ठिणगी दिसते, इंजिन मिसिंग करतं आणि प्लगवरची ठिणगी क्षीण होते. मीटरवर तो ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असावा, पण थंड असताना बरोबर दाखवून गरम झाल्यावर हाय खाणारे कंडेन्सर पुष्कळ असतात. चांगला चाललेला जुना कंडेन्सर जवळ असेल तर तो कॉइलच्या टर्मिनलला बाहेरून जोडून बघणं हीच खरी परीक्षा, फक्त बिघडलेला आधी सोडवायचा.

रोटरबद्दलही सांगितलं पाहिजे. हल्लीच्या काही रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने धरलेली असते आणि ठिणगी त्या रिव्हेटमधून प्लास्टिक भेदून शाफ्टमध्ये उतरते. तेव्हा टॅकोमीटर ठीक चालतो आणि प्लगला काहीच मिळत नाही. कॅप काढा, कॉइलची मधली जाड वायर रोटरच्या पट्टीपासून काही मिलिमीटरवर इन्सुलेटेड चिमट्याने धरा आणि पॉइंट उघडझाप करा. ठिणगी रोटरकडे उडाली तर रोटर फेकून द्या. रिव्हेट नसलेला घ्या.

आणि सगळ्या रिस्टोअर केलेल्या गाड्यांचा सामाईक आजार: नवीन रंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं, त्याचा बॉडीशी विजेचा संबंध एका अर्थ पट्ट्याने येतो. त्याच्या बोल्टखाली रंग राहिला तर सेल्फचा करंट चोक आणि ऍक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरं काही शोधू नका.

पेट्रोलची बाजू

इथे उष्णतेचा भास घडवणारा सगळ्यांत मोठा लबाड म्हणजे टाकीतला गंज. पंप ओढत असतो तोवर गंजाचे पापुद्रे टाकीतल्या जाळीला चिकटत जातात. इंजिन मेलं, पंप थांबला की ते सुटून तळाशी बसतात. दहा मिनिटांनी गाडी सुरू आणि आपण म्हणतो, गार झाली. टाकीतून काढलेलं पेट्रोल पांढऱ्या कापडातून गाळा. तपकिरी चुरा दिसला तर टाकी उतरवायचीच. रस्त्यावर खात्री करायची असेल तर लगेच आणि दहा मिनिटांनी, असे दोनदा पंपाचे टक मोजा.

दुसरी जागा रबरी नळ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून सुजतं, आतला थर सुटतो आणि झडपेसारखा फडफडतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. एसएई जे३० आर९ दर्जाची नळी घ्या, आणि काढलेली जुनी उभी चिरून बघा, म्हणजे आपण योग्य जागी हात घातला की नाही ते कळेल.

प्रवाह मोजायचा तो गाडी गार असताना, मोकळ्या हवेत, कॉइलची वीज सोडवून, अग्निशामक हाताशी ठेवून. एमजीबीत कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर वर आहेत. रस्त्याच्या कडेला तापलेल्या इंजिनवर पेट्रोलची नळी उघडू नका, कितीही घाई असली तरी. कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडून पंप चालवला तर मिनिटाला किमान अर्धा लिटर, चांगला पंप असेल तर लिटरच्या आसपास पेट्रोल यावं आणि त्यात बुडबुडे नसावेत. पंप न थांबता टकटकतोय आणि बुडबुडे येताहेत, तर टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा ओढली जाते.

टाकीचं झाकण बदललं असेल तर ते आठवा. वाफेसाठी कोळशाचा डबा असलेल्या मॉडेलांना बिनछिद्राचं झाकण असतं. तेच झाकण तो डबा नसलेल्या गाडीला बसतं, छान घट्टही बसतं, आणि टाकीत व्हॅक्यूम तयार करतं.

उभी करून ठेवल्यावर सुरू न होणं हा वेगळा आजार

लोक हे दोन्ही एकत्र करतात. तापलेली गाडी दहा मिनिटं उभी केली आणि मग सुरू होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या उष्णतेने वाट्यांमधलं पेट्रोल उकळणं हेच असतं. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, इथेनॉल ७८ ला. चालत्या गाडीत गार पेट्रोल सतत येत असतं, म्हणून हा त्रास चालताना क्वचित होतो. पंप मागे टाकीजवळ असल्याने पेट्रोल पुढे ढकललं जातं. इंजिनवर बसवलेला पंप लांबून ओढतो, त्या गाड्यांना वेपर लॉक (नळीतल्या वाफेमुळे पेट्रोल अडणं) जास्त छळतो. तेव्हा मागे पंप असलेली गाडी चालता चालता मेली तर लगेच वेपर लॉकचं नाव घेऊ नका.

पाइपचा मॅनिफोल्ड लावल्यावर हा उभं राहिल्यावरचा त्रास माझ्याही गाडीत वाढला होता. पातळ पाइप जास्त उष्णता बाहेर टाकतात. मॅनिफोल्ड बसत नाही म्हणून मी मधली हीट शील्ड कापली होती. ती पुन्हा पूर्ण आकाराची बनवून लावली आणि ऍक्सिलरेटर तळाशी दाबून धरत सेल्फ मारायची सवय केली. चोक ओढायचा नाही. जुन्या शील्डवरच्या पॅडमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडू किंवा घासू नका.

बदल केलेल्या गाड्यांबद्दल आणखी दोनच गोष्टी. नवा इलेक्ट्रिक पंप लावलात तर त्याचा दाब बघा. एसयूच्या वाट्यांमधल्या झडपांच्या सुया सुमारे अडीच-तीन पीएसआयसाठी आहेत, त्याहून जास्त दाब आला की वाट्या वाहू लागतात आणि ते पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावलंत तर १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत हे विसरू नका, मॉड्यूल त्याच प्रकारचं हवं. प्लेटवर बसणाऱ्या मॉड्यूललाही तीच अर्थची वायर लागते. माझा दोष मॉड्यूल लावून गेला नसता, फक्त शोधायला आणखी अवघड झाला असता.

वायर बदलल्यावर आधी गॅरेजमध्ये सिरिंज ओढली. आरपीएम साधारण दोनशेने चढला आणि तिथेच राहिला. मग रहदारीतून वीस मिनिटं, मोकळा रस्ता, चौथा गिअर, हलका पाय. सुई एका जागी स्थिर. त्या दिवशी मी एकशे दहा किलोमीटर चालवली, मध्ये मुद्दाम तीनदा थांबवून पुन्हा सुरू केली. घरी आल्यावर नवीन कंडेन्सर काढून ठेवला आणि जुनाच परत बसवला, कारण त्याने इतकी वर्षं विनातक्रार काम केलं होतं आणि तो कधी बिघडलाच नव्हता. नवा आता डिकीतल्या डब्यात आहे, रिव्हेट नसलेला रोटर, पॉइंटचा जोड, टेस्ट लॅम्प आणि त्या मऊ वायरीचा बनवून ठेवलेला एक तुकडा यांच्यासोबत.